अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा

सरांना ‘यंदा पीक कसं काय?’ असं कधी विचारू नये. विचारणारा वेळ घालवायला विचारतो, सर मात्र उत्तर द्यायला बसतात. खिशातलं पेन निघतं. कागद नसला तर लग्नपत्रिकेची कोरी बाजू, पेपराचा समास, दवाखान्याची चिठ्ठी, काहीही चालतं. मी परभणीच्या मोंढ्यात एका आडतीवर मुनीम आहे. आमच्या हिशेबपट्ट्यांच्या पाठीवर सरांचं इतकं उत्पन्न लिहून पडलंय, की ते खरं निघालं असतं तर जिंतूर रस्त्यानं बोरीपासून पुढची सगळी शिवारं आज त्यांच्या सातबाऱ्यावर असती.

हेच सर आम्हाला शाळेत इंग्रजी शिकवायचे, आणि त्यांची सगळ्यात लाडकी म्हण कोणती? ‘डोन्ट कौंट युवर चिकन्स बिफोर दे आर ह्याच्ड.’ त्यावरून पोरांनी त्यांचं नाव ‘कौंटसर’ पाडलं. ते इतकं बसलं की त्यांचं खरं नाव गावात आता फक्त तलाठ्याला आणि बँकेला माहीत आहे, आणि दोघांनाही ते लाल शाईत दिसतं.

म्हणीचा प्रश्न पेपरात हमखास यायचा. अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा, मार्क दोन. ‘स्टिच इन टाइम’ आणि ‘रोलिंग स्टोन’ यांना सर पाच-पाच मिनिटांत वाटेला लावायचे. कोंबडीला अख्खा तास. आधी फळ्यावर अंडं काढायचे, त्याचा दर वर्षी बटाटा व्हायचा. मग 1570 साली टॉमस हॉवेल नावाच्या इंग्रज कवीनं ही म्हण कवितेत कशी घातली ते सांगायचे. तिथून थेट पंचतंत्रात. सातूचं मडकं खुंटीला टांगून खाली पडल्या पडल्या शेळ्या, गाई, घोडे, बायको आणि सोमशर्मा नावाचा मुलगा एवढं सगळं मिळवणारा, आणि शेवटी स्वप्नातल्या बायकोला मारायला उचललेली लाथ मडक्याला लागून पांढराफटक झालेला तो ब्राह्मण सर असा उभा करायचे, की खडूची पूड खरोखरच त्यांच्या अंगावर पडलेली असायची. ‘आपल्यात काय म्हणतात? बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी. पण आपला भट बरा,’ सर म्हणायचे, ‘त्याच्या तुरी निदान बाजारात तरी आल्यात.’

एका वर्षी मागच्या बाकावरचं एक पोरगं उठलं. त्याच्या घरी कोंबड्या होत्या.

‘सर, आमची माय अकरा अंडी ठेवती अन् नऊ धरती.’

‘धरती म्हणजे?’

‘दोन नासतेत म्हणून सोडून देती. नवावर दुकानातून उधारी आणती.’

सरांनी चष्मा काढून पुसला, परत लावला. ‘हेच इंग्लिशमध्ये सांग,’ म्हणाले. पोरगं खाली बसलं. ते इंग्रजीत दोनदा नापास झालं आणि आज अंड्यांचा ठोक धंदा करतं.

सर रिटायर झाले आणि वडिलांच्या चार एकर काळ्या रानात उतरले. तोवर ते रान बटाईनं दिलेलं होतं आणि बटाईदार वर्षाला काय आणून टाकी ते निमूट घरात पडत होतं. ‘अडाण्याच्या हातात जमीन होती,’ सर म्हणाले, ‘आता शास्त्रीय पद्धतीनं.’ शास्त्राचा आमच्याकडं तोटा नाही. परभणीचं कृषी विद्यापीठ 1972 सालच्या 18 मेला स्थापन झालं, आणि त्या तारखेला तिथं दर वर्षी खरीप मेळावा भरतो. बियाण्याच्या खिडकीवर सकाळपासून रांग. ऊन असं, की पाण्याची बाटली हातात धरवत नाही. सरांचं खरीप त्या रांगेत सुरू होतं. पिशवी अजून हातात यायची असते, पाऊस अजून केरळातही नसतो, आणि सर पुढच्याला विचारतात, ‘तुम्ही एकरी किती धरता?’ पुढचा डोक्यावरचा रुमाल सारखा करतो. ‘पडू द्या की सर आधी.’ सर त्याच्याकडं असं बघतात, जसं आम्ही पाढे विसरल्यावर बघायचे.

2021चा ऑगस्ट हा सरांचा सुवर्णकाळ. सोयाबीननं क्विंटलला दहा हजार ओलांडले होते. ऑगस्टात शेतकऱ्याच्या घरात सोयाबीन नसतं हे आमच्या हमालालाही माहीत आहे. भाव नेमका तेव्हाच चढतो. पण सरांनी मला मोटारसायकलवर घालून रानात नेलं. बांधावर बसले, एक झाड उपटलं आणि मांडीवर घेतलं.

‘दोन ओळींत पंचेचाळीस सेंटिमीटर, दोन झाडांत पाच. एकरी झाडं किती? एक लाख ऐंशी हजार.’

‘सगळी उगवली का सर?’

‘शेंगा मोज.’

मी मोजल्या. चाळीस भरल्या. ‘शेंगेत दाणे अडीच,’ सर म्हणाले. अर्धा दाणा कसा, ते विचारायची सोय नव्हती. ‘म्हणजे शंभर दाणे. शंभर दाण्यांचं वजन मी सोनाराकडं काट्यावर करून आणलंय. बारा ग्रॅम. गुण आता.’

एकवीस क्विंटल साठ किलो आले. एकरी.

‘वरचं उंदराला, पाखराला सोड. वीस धर. मी काही हवेत बोलणारा माणूस नाही.’

आमच्या भागात एकरी सात-आठ आलं तर माणूस मोंढ्यात मान वर करून चालतो. दहा-बारा आलं तर बियाणं विकणारे त्याचा फोटो बोर्डावर लावतात. सरांनी उपटलेलं झाड उकिरड्याच्या कडेचं होतं, तिथं गवतसुद्धा कमरेएवढं येतं. पण हे बोलून उपयोग नव्हता, कारण तोवर चार एकरांचे ऐंशी क्विंटल आणि ऐंशी क्विंटलांचे आठ लाख बांधावर मांडून झाले होते, आणि सर त्यातले खर्च करायला लागले होते.

पुण्यात मुलाचा फ्लॅट. मुलानं फोनवर सांगितलं, पार्किंगचे वेगळे पडतात. सर म्हणाले, आपल्याकडं गाडी नाही, पार्किंग कशाला? मुलगा म्हणाला, गाडी घ्यायचीच आहे ना. यावरून बाप-लेक आठ दिवस बोलले नाहीत. काकूंना पाटल्या धरल्या होत्या. काकू म्हणाल्या, पाटल्या जुन्या झाल्या, तोडे होऊ द्या. ‘हात दिला की मनगट धरता,’ असं सर जे कडाडले, की काकू दोन दिवस माहेरी सेलूला जाऊन आल्या. आठ लाखांतला एक रुपया अजून जन्माला आला नव्हता. सोयाबीन दाणे भरत होतं, त्याला यातलं काही माहीत नव्हतं.

भाव आधी गेला. केंद्रानं ऑगस्टातच 12 लाख टन सोयापेंड बाहेरून आणायला परवानगी दिली आणि नवा माल यायच्या सुमाराला दर निम्म्यावर आला. सरांनी आठाचे चार केले. ‘मूळ आकडा भक्कम असला की असं असतं,’ मला समजावलं, ‘अर्धं गेलं तरी चार उरतात.’ चारात फ्लॅट बसत नव्हता, पार्किंग बसत होती.

मग सप्टेंबरच्या शेवटी गुलाब चक्रीवादळाचं उरलंसुरलं मराठवाड्यावर येऊन कोसळलं. ओढे-नाले रानात घुसले. कापून पडलेलं सोयाबीन भिजलं, उभं होतं ते पाण्यात उभं राहिलं. आणि इथं सरांचं दुसरं रूप बघायला मिळालं.

सरकारचंही एक मोजणं असतं. सप्टेंबरअखेर नजरअंदाज पैसेवारी निघते, मग सुधारित, आणि वर्षअखेर अंतिम. जुनी माणसं अजून आणेवारीच म्हणतात. पीक खळ्यावर यायच्या आत नुसत्या नजरेनं त्याचे पैसे करायचे. पन्नास पैशांच्या आत आलं तर टंचाई, वर गेलं तर सगळं छान. तलाठी, कृषी सहायक वगैरे मंडळी पंचनाम्याला बांधावर आली, त्याच बांधावर, आणि सर पुढं झाले. आवाज एकदम खोल गेलेला. ‘काही नाही हो राहिलं. एकरी पोतं निघालं तर देव पावला.’ महिन्याभरापूर्वी वीस क्विंटल बसलेल्या रानात आता पोतं मावत नव्हतं. परत येताना मी नुसतं त्यांच्याकडं बघितलं. ‘तो ॲक्टिव्ह व्हॉइस होता, हा पॅसिव्ह,’ सर शांतपणे म्हणाले.

हा नमुना एकट्या सरांचा नाही. आमच्या जिल्ह्यात प्रत्येक घरी दोन पिकं असतात. एक सोयरिकीच्या पाहुण्यांना सांगायचं आणि एक साहेबाला. खरं तिसरं असतं, ते मोंढ्यात काट्यावर कळतं.

काट्यावर सरांचं एकरी पाच भरलं. त्यात डागी फार. ओलावा बघायच्या मशीननं आकडा दाखवला तशी खरेदीदारानं मान फिरवली. बीट सुरू झालं, पुढच्या ढिगावर बोली चढली, सरांच्या ढिगापाशी सगळ्यांना एकदम घाई झाली. पाच हजारांच्या बऱ्याच आत सौदा पटला. मापाडी आमचा जुना, तोंडाचा फटकळ. पोतं उचलता उचलता म्हणाला, ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी.’ ही आमच्या गावाची स्वतःची म्हण, आणि तिला अर्थ सांगायची गरज पडत नाही. सरांनी ढिगातून एक शेंग उचलली, चष्मा वर केला आणि अंगठ्यानं फोडली. आतल्या दोन्ही दाण्यांना बोटाच्या पेराएवढे पांढरे कोंब आले होते.

‘ह्याच्ड,’ सर म्हणाले.

मोंढ्यात त्या दिवशी हसावं की काय करावं ते कुणाला कळेना. मापाडी तेवढा हसला, त्याला इंग्रजी येत नाही.

लोक सरांना हसतात, मीही हसतो, पण पट्टीवर नावं लिहिता लिहिता माझ्या एक लक्षात आलंय. त्या इंग्रज म्हणीतली कोंबडी बहुधा त्या माणसाच्या स्वतःच्या पैशाची असावी. आमच्याकडं न मोजता चालणार कसं? जूनमध्ये बियाण्याचा दुकानदार विचारतो, किती होईल? बँकेचा साहेब पीककर्जाच्या वेळी विचारतो, किती होईल? मुलीच्या लग्नाची तारीख धरायची तर व्याही विचारतो. आम्ही आडतवाले तरी काय करतो? उभ्या पिकावर उचल देतो, म्हणजे त्याची अंड्यातली पिल्लं आम्हीच मोजून घेतो, वर व्याज लावतो. सगळ्या दुनियेनं मोजायला सांगायचं आणि मोजलं की म्हण ऐकवायची. सरांचं खरं सुख मात्र यापेक्षा वेगळं आहे. वर्षाच्या बारा महिन्यांत त्यांच्या हातात पैसा असतो तो जुलै ते सप्टेंबर. विकल्यावर पैसा येतो, पण तो थांबत नाही. आधीच्या उधाऱ्यांकडं सरळ निघून जातो. त्यामुळं त्या तीन महिन्यांत सर जे हिंडतात, बोलतात, मुलाशी भांडतात, ती खरी त्यांची श्रीमंती. ती कुणी का काढून घ्यावी?

हे मी त्यांना एकदा बोलून दाखवलं. म्हणाले, ‘वाक्यात उपयोग चांगला केलास. दीड मार्क.’

सोयाबीननं तोंड पोळल्यावर सर कापसाकडं वळले. 2022च्या उन्हाळ्यात कापूस दहा हजारांच्या वर गेला होता, बारा हजारांपर्यंत भाव लागल्याच्या बातम्या होत्या. पुढच्या हंगामात सरांनी चारही एकर कापूस लावला. पीक बरं आलं, यात वाद नाही. दिवाळीनंतर भाव आठ-नऊ हजार होता. मी निरोप पाठवला: सर, घालून टाका. उत्तर आलं: दहाच्या खाली बोलू नकोस.

एकटे सर नव्हते. त्या वर्षी अख्ख्या मराठवाड्यानं कापूस घरात भरला. सरांच्या घरी पुढची खोली गेली, मग मधली गेली. काकूंनी देवघर आणि चूल तेवढी वाचवली. त्यातच पुतणीला बघायला पाहुणे आले. बसवायचं कुठं? कापसावर सतरंजी टाकली. मुलाचे वडील अंगानं दणकट. ते बसले आणि हळूहळू खाली जायला लागले. पोहे आले तेव्हा छातीपर्यंत गेले होते, चहा आला तेव्हा कप वरून खाली द्यावा लागला. सर त्यांना वरून सांगत होते, ‘तुम्ही आता बसलात ना, ते अडीच लाख आहेत.’ थोड्या वेळानं पाहुण्यांची चुळबुळ सुरू झाली. साठवलेल्या कापसात किडे होतात आणि अंगाला खाज सुटते, हे त्या उन्हाळ्यात घरोघरी कळलं, पाहुण्यांना जरा आधी कळलं. दोन्ही हातांनी पोटऱ्या खाजवत ‘कळवतो’ म्हणून गेले. त्यांनी कळवलं नाही.

भाव नऊचा आठ झाला, आठाचा सात झाला. तोवर कापूस वाळून वजनातही उतरला होता. मे महिन्यात, पेरणीला पैसा पाहिजे म्हणून, सरांनी टेम्पो बोलावला. शेवटचं गठुडं निघालं तेव्हा काकूंनी हिवाळ्यात हरवलेली चष्म्याची डबी, दोन वाट्या आणि नातवाचा एक बूट जमिनीवरून उचलला आणि काही न बोलता झाडू घेतला.

काकूंबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण त्या घरात खऱ्या कोंबड्या त्यांच्याकडं आहेत. गावरान, सात-आठ. अंडी विकतात, पैसा डब्यात टाकतात. डब्यात किती आहेत ते सरांना माहीत नाही. सरांनी आयुष्यभर कोंबडी शिकवली, पण पिल्लू निघायला एकवीस दिवस लागतात हे त्यांना रिटायर झाल्यावर काकूंकडून कळलं.

या उन्हाळ्यात मी उचलीचं बोलायला गेलो तर सर अंगणात पाटीपाशी उकिडवे. ‘सर मोजायलेत, बसा,’ काकू म्हणाल्या. पाटीत भुसा, भुशावर खुडूक कोंबडी, पिसं फुगवून बसलेली. सरांनी तिला एका हातानं उचललं, दुसऱ्या हातात बॅटरी. एकेक अंडं काढून बॅटरीच्या तोंडावर धरायचं, आत लाल शिरा दिसतात का बघायचं, मग परत ठेवायचं. हे त्यांनी कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं होतं.

‘अकरा आहेत,’ मला म्हणाले. ‘नऊ धर. नवातल्या पाच तलंगा. तलंग वर्षाला सत्तर अंडी देते, निम्मी रवणीला बसवली...’ पेन निघालं. तिसऱ्या वर्षी ते हजारांत गेले आणि चौथ्या वर्षी शेड आलं. शेडला प्रकल्प अहवाल लागतो, त्यावर बँक कर्ज देते. ‘तुझी उचल त्यातून फेडतो, काळजी करू नको.’

‘रोज असंच मोजता?’

‘सकाळ-संध्याकाळ. रेकॉर्ड ठेवायला पाहिजे.’

कोंबडी बाजूला उभी राहून त्यांच्याकडं एका डोळ्यानं बघत होती. मग तिनं अंग झाडलं, चार पावलं चालली आणि उकिरड्यावर जाऊन उकरायला लागली. सरांनी ‘यू यू’ केलं. ती आली नाही. दाणे टाकले. दाणे खाल्ले, पाटीकडं फिरकली नाही.

काकू आतून बघत होत्या. बाहेर आल्या, पदरात सगळी अंडी घेतली आणि चालू लागल्या. शेजारी गवळ्याच्या घरी एक कोंबडी त्याच दिवसांत खुडूक बसली होती, तिच्याखाली सारून आल्या. पदर झटकला, हात धुतले.

‘सगळी मावली का?’ सर म्हणाले. ‘तिच्याखालची तिची किती होती?’

‘मी नाही मोजली.’

‘आता तिची कोणती अन् आपली कोणती, कळणार कसं?’

‘निघाल्यावर बघू,’ काकू म्हणाल्या आणि चहाला आत गेल्या.

सर थोडा वेळ गवळ्याच्या भिंतीकडं बघत राहिले. मग माझ्याकडं वळले.

‘तिची अंदाजे तेरा धरू.’